चौथ्या मजल्यावरची देवी

(करंजाडे. देवीचा पुजारी काशिराम आणि त्याची बायको वेणू यांच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. ओट्याच्या कोपऱ्यात पाटावर गावदेवी.)

काशिराम : कौल लागनार नाय, सरकार. सांगितलं ना एकदा.

राजेसाहेब : अरे, उद्या चिरंजीव अर्ज भरताहेत. देवीचा कौल घेतल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणी निवडणुकीला उभं राहिलेलं नाही. माझ्या वेळी तूच देवीच्या अंगावर कौलाच्या कळ्या लावायचास.

काशिराम : लावायचो. उजवी कळी पडली का गाव तुमच्या मागं. आमदार झालाव, मंत्री झालाव. झेंडे बदललाव, तरी गाव मागंच.

राजेसाहेब : मग आता काय बिनसलं?

वेणू : काय बिनसलं इचारताव? सरकार, देवी माज्या मिक्सरच्या बाजूला बसलीय. मी फोडनी दिली का धूर तिच्या तोंडावर.

राजेसाहेब : देवळाचं काम लवकरच...

काशिराम : कंच्या जागंवर? देवळाची म्हनून दावलीत, तिथं तुमच्या आईसाहेबांच्या नावाचं कॉलेज उभं हाय.

राजेसाहेब : त्या कॉलेजात तुमचीच मुलं शिकतात. आणि एक विसरू नकोस. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा मी नसतो, तर देऊळ मूर्तीसकट पडलं असतं. संस्थानचा वारस अनवाणी चालला, तुमची देवी डोक्यावर घेऊन. दुसऱ्या कुणी केलं असतं?

काशिराम : कोनी नाय. तोच तर घात झाला. त्या दिशी आमी मशिनीम्होरं आडवं पडनार व्हतो. बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या व्हत्या. तुमी आयलाव, वहाना काढल्या, देवी उचलली, आनी समदा गाव रडत तुमच्या मागं निघाला. देवी उठली म्हंजे जागा नुसती माती. मातीसाठी कोन आडवा पडतो?

वेणू : मी तुमच्या पायांवर पानी वतलं, सरकार. माज्या हातांनी.

राजेसाहेब : मीही रडलो होतो, वेणूबाई. अगदी मनापासून.

काशिराम : रडला असाल. गाव उठवायच्या कागदावर सही करून आयलाव, मंग रडलाव.

राजेसाहेब : तोंड सांभाळ, काशिराम. तुझा बाप आमच्या दारात जोडे काढून उभा राहायचा.

काशिराम : व्हय. म्हनून तर तुमच्या पायांत जोडे नाय बघून आमी येडे झालो.

राजेसाहेब : मला वाद नको. खाली लोक खोळंबलेत. कळ्या लावतोस की नाही?

काशिराम : लावतो. पन आधी देवी घ्या डोकीवर. त्या दिशीसारखी. वेणू, सरकारांच्या पायांवर पानी वत.

राजेसाहेब : आणि नेऊ कुठं?

काशिराम : त्या दिशी आमी हेच इचारायला पायजे व्हतं, सरकार.