लग्न, नाहीतर गोळी

नाही, आधी मला सांगा, वर्तमानपत्र चालवणाऱ्या बाईला ॲप्रन कशाला लागतो? शाई पुसायला? तुम्हाला सांगते, आमच्या हॉलिवूडात नटीला गोष्टीचा शेवट लेखक सांगत नाही, कपडेपट सांगतो. खुंटीवर शेवटचा पोशाख कुठला टांगलाय ते बघायचं. ॲप्रन असला की लग्न, काळा सॅटिनचा झगा असला की गोळी. तिसरं काही शिवतच नाहीत मेले!

महायुद्ध चालू होतं तेव्हा हीच व्हर्ना टॉलिव्हर, म्हणजे मी, पडद्यावर विमानांचे पत्रे ठोकत होते, चिखलातून ट्रक हाकत होते, आणि आमचे निर्माते ब्रँटसाहेब डोळे पुसत म्हणायचे, "पोरी, देश तुझ्या खांद्यावर उभा आहे." युद्ध संपलं, पुरुष घरी आले, आणि देश माझ्या खांद्यावरून उतरला तो थेट जेवायच्या टेबलावर जाऊन बसला... वाढा आता! सिनेमात वकील झाले, लग्न. डॉक्टर झाले, लग्न. स्वतःची गाडी, स्वतःचं घर, वर सिगारेट? गोळी. लग्न, नाहीतर गोळी!

आणि माझा खरा नवरा? तो युद्धावर नाही गेला, रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या बायकोबरोबर गेला. म्हणजे बायकांना घरी बसा म्हणून मी सांगायचं, आणि माझं घर चालायचं ते त्या सांगण्याच्या पगारावर. आहे की नाही गंमत?

तेही चाललं असतं हो. पण माझी धाकटी बहीण लिओटा... विमानाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकायची, पुरुषांच्या तोंडात मारेल असं काम. पुरुष परतले तसं तिला कामावरून काढलं. भांडायला गेली तर मुकादम म्हणतो, "अगं, तुझी बहीण बघ सिनेमात, कशी हसत हसत घरी गेली." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आणि का बोलावं तिनं?

म्हणून तर हा वर्तमानपत्रवालीचा सिनेमा घेतला. शेवटी बाई आपल्या खुर्चीत, आपल्या कामावर, असं ठरलं होतं. लिओटाला पहिल्या खेळाला शेजारी बसवणार होते मी. आणि काल बघते तर खुंटीवर ॲप्रन, तोही फुलाफुलांचा! कपडेपटातली ओपल म्हणते, "माझ्याकडे काय बघता बाई, मी नुसती शिवते. लग्न, नाहीतर गोळी, मला माप सारखंच."

तशीच गेले ब्रँटसाहेबांकडे. म्हटलं, ॲप्रन बांधणार नाही.

"अगं पोरी, मग बिचाऱ्या हिरोला जेवायला कोण घालणार?"

"त्याला दोन हात आहेत साहेब, अंडं उकडेल. मला खुर्ची पाहिजे. सिनेमा संपताना मी खुर्चीत, नाहीतर ही मी चालले."

साहेबांनी चिरूट चावला, छताकडे बघितलं, पुन्हा चावला... आणि हो म्हणाले! "खुर्ची तुझी. ॲप्रन रद्द." मी तिथूनच लिओटाला फोन लावला. दोघी इतक्या रडलो, की शेवटी टेलिफोनवाली मध्ये पडून विचारते, कोण गेलं?

आज सकाळी सेटवर गेले. खुर्ची काय सांगू, उंच पाठीची, अस्सल चामड्याची. ऐटीत बसले. तर मागे सेटचा सामानवाला खडूनं खुर्चीच्या पाठीवर फुली मारतोय.

"काय करतोस रे?"

"काही नाही मॅडम, गोळीचं भोक कुठं पाडायचं ते बघतोय. जरा टेकून बसता?"

बसले टेकून. करते काय... खुर्ची मात्र आरामशीर आहे हो.