राणीच्या गळ्यावरचा चरा

आधी दारातल्या काचेच्या पेटीतली ती चिठ्ठी काढा. खालच्या ओळीतल्या राणीछाप रुपयापुढं ‘तिसरी प्रत, निकामी’ असं लिहिलंय. ती निघाल्याबिगर मी नमस्कार करणार न्हाय.

कुणी उठत न्हाय? बरं. राहू दे. तिच्यावरच बोलते मग.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि पेढीचे मालक भावकूअण्णा, मंचावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती मारुतीराव, आणि बोरगाव-सदलग्यापासनं एस.टी.त उभं राहून आलेली मंडळी, मालुबाईचा सगळ्यांना नमस्कार. मला म्हणाले, दोन शब्द बोला. दुसरीत शाळा सोडलेल्या बाईला दोनच येत असतील असं वाटलं असंल.

तीस वर्षं मारुतीरावांनी या पेढीवर नाणी पारखली. त्यातली वीस वर्षं ती मी रिठ्याच्या पाण्यात धुतली. त्यांचा सत्कार शालीनं, माझा चहानं. असू दे, चहा गरम होता.

पारख त्यांनीच मला शिकवली. राणीचा गाल आधी झिजतो, मग कानावरचे केस, मग मुकुट. केस मोजता आले तर पहिली प्रत. नुसता मुकुट दिसला तर दुसरी. सगळं सपाट झालं आणि वर चरा पडला, की तिसरी; ती मुशीत, वितळायला. ‘मालुबाई, झीज आणि चरा एक न्हवं,’ म्हणायचे. ‘झीज हजार हातांची. चरा एकाच हाताचा. तो कुणाचा, ते विचारायचं.’ लई शहाणं बोलणं. मग विचारलं का कुणी?

ऐंशी साली चांदी भडकली, तवा लोकांनी देव्हाऱ्यातले रुपये काढून घमेल्यानं आणले. धुता धुता एक रुपया माझ्या हाताला लागला. डोळ्याआधी अंगठ्यानं वळखला. राणीच्या गळ्यावर तिरका चरा.

बायकांना ठाऊक हाय, पुरुषांसाठी सांगते. माझी तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथ्या खेपेला तानीबाई सुईणीनं नाळ रुपयावर ठेवून विळ्यानं कापली. घाव रुपयावर उतरला. असा रुपया सुईणीचा असतो. पर तानीबाई म्हणाली, ‘हिच्याच गळ्यात घाल गं. जगंल.’ सोनारानं कडी डागून दिली. अंजना जगली. अठरा वर्षं. रुपया तिनं आंघोळीलाबी उतरवला न्हाय.

बहात्तर साली ती अण्णांच्या वखारीत तंबाखू चाळायला गेली. सांजच्याला सगळ्या बाया परतल्या, ती न्हाय. अण्णा वखारीच्या दारात उभं राहून म्हणाले, ‘मालुबाई, पोरगी दुपारीच गेली की! सदलग्याच्या कुणाचा तरी हात धरला असंल. वय हाय.’ गावानं माना हलवल्या. मी बारा वर्षं सदलग्याच्या बसमधनं कोण उतरतंय ते बघितलं.

तर, रुपया मारुतीरावांपुढं धरला आणि विचारलं, ‘ह्यो आणला कुणी?’ त्यांनी भिंग डोळ्याला लावलं ते काढलंच न्हाय. ‘तिसरी प्रत,’ म्हणाले. ‘मुशीत जाईल.’

मी गप बसले. का? वाटलं, पोरीनंच विकला. विकला म्हणजे कुठंतरी चूल पेटतीय तिची. त्या एका विचारावर चार वर्षं जेवले.

सत्कारासाठी मारुतीरावांनी आपली पारखलेली नाणी पेटीत मांडली, आणि आज सकाळी तिची काच पुसायला मलाच बोलावलं. बघते तर रुपया मुशीत गेलेलाच न्हाय. मारुतीरावांची एक रीत हाय: चिठ्ठीच्या पुढं प्रत, मागं आणणाऱ्याचं नाव. मग रुपया गिऱ्हाइकाचा असो, न्हायतर घरचा. त्या नावांवरच मी अक्षरं गिरवली. मी चिठ्ठी उलटी केली.

घंटी वाजवू नका, अण्णा. संपतच आलंय.

कडीची जागाबी बघितली. कानशीनं काढलेली कडी साफ निघते. इथं काठाची चांदी ओढून बाहेर आलीय. हिसकलेली हाय ती. घमेलंभर झिजलेल्या नाण्यांत एक चरा कोण बघतंय, असं आणणाऱ्याला वाटलं असंल.

आता आभार. मांडववाल्याचे, चहावाल्याचे. आणि मारुतीराव, तुमचे. चार वर्षं तोंड उघडलं न्हाय तुम्ही, पर रुपया वितळवलाबी न्हाय. नोकरी संपल्या दिवशी चारचौघांत मांडला. शाल तेवढ्यापुरती तुमची. बोलताना माझं काही वाकडं गेलं असंल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. चिठ्ठीवरचं सोडू नका.

भरमा, तू दाराशी हाईस न्हवं? दार लाव. कुणाला जाऊ देऊ नको.

मारुतीरावांनी बोलायचं न्हाय. पाहुण्यांनी मधी पडायचं न्हाय. अंजना कुठं हाय, ह्याचं उत्तर चिठ्ठीमागं ज्याचं नाव हाय त्यानंच द्यायचं. उठा, भावकूअण्णा. माईक तुमच्याकडं सरकवलाय.