हंडीवरची एक पाकळी

मी, सोनूबाई भ्रतार रखमाजी कासार, वय वर्षे चाळीस, धंदा काचेवर नक्षी कोरण्यात नवऱ्यास मदत, राहणार जुना जालना. ठाण्यावर हजर राहून अमीनसाहेबांपुढे लिहून देते की,

माझे यजमान तांब्याच्या फिरत्या चकतीला कुरुंदाची पूड व तेल लावून काचेवर वेलबुट्टी कोरतात. चाक मी फिरवते. सध्या राजूरच्या गणपतीच्या देवळात टांगायच्या दिव्याच्या काचेच्या हंडीचे काम होते. हिवाळा लागल्यापासून त्यांचा हात कापतो. परवा म्हणाले, "हातात काच बिलकुल ठरंना." मी म्हणाले, "मंग चार दिस घरी बसा." पण त्यांच्या पायाला भिंगरी, बसतात कसले!

काल सकाळी न सांगता ते बाहेर पडले, ते परतले नाहीत. दुपारी त्यांच्या वहाणा बारवेच्या काठावर सापडल्या. दीर कचरू यांनी तिथेच रडारड मांडली. बारवेत गळ टाकला, काही लागले नाही. तरी गल्लीने त्यांना बुडवून टाकले. माझा जीव टांगणीला लागला आहे. अमीनसाहेब बस म्हणतात, मला बसवत नाही.

यजमान जिवंत आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला, हंडी सोबत आणली आहे. आमच्या घरची रीत अशी की, गावाला जाताना हातातल्या कामाची शेवटची पाकळी कोरी ठेवायची. काम वाट पाहते, माणूस परततो. सासरे वारले त्याच्या आदल्या दिवशी मला चाक फिरवायला लावून आपली राहिलेली पाकळी पुरी करून गेले. या हंडीवर एक पाकळी कोरी आहे.

अमीनसाहेब म्हणाले, "हात थकला असंल म्हणून राह्यली." थकलेला हात वाकडी कोरतो, कोरी सोडत नाही. तिच्या शेजारच्या दोन वाकड्या आहेत, हे खरे.

बारव राजूरच्या वाटेवर आहे. तिथे पाय धुऊन पुढे ते देवाला अनवाणी जातात. तिकडे जल्दी माणूस पाठवावा, नाहीतर मीच निघते. हंडी ठाण्यात ठेवून घेऊ नये. तिचे काम व्हायचे आहे.

जबाब मला वाचून दाखवला. यजमानांच्या नावाआधी 'मयत' असे लिहिले होते. ते खोडल्याशिवाय अंगठा देत नाही, असे मी म्हणाले. आता माझ्यासमक्ष खोडले. राहिलेला मजकूर मी सांगितला तसाच, बराबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सोनूबाई भ्रतार रखमाजी.