नत्थुजींनी जोडलेली फिल्म

सन्माननीय अध्यक्ष अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील डॉ. आरती मॅडम, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या स्कॅन विभागातून आज निवृत्त होणारे तंत्रज्ञ नत्थुजी खंडारे, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी संध्या वानखडे. मोर्शीची निवृत्त शिक्षिका आणि अमरावतीच्या या रुग्णालयाची सात वर्षांची पेशंट. मला पाच मिनिटं दिली आहेत. शिक्षिकेची तेवढी हजेरी घेण्यातच जातात, तेव्हा सांभाळून घ्या.

सात वर्षांपूर्वी माझ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. चार वर्षं बरी गेली. मग स्कॅनमध्ये फुफ्फुसात एक डाग दिसला आणि यकृतात दुसरा. फुफ्फुसातला तुकडा तपासला, तर आजार परतलेला. मॅडम सरळ बोलतात. म्हणाल्या, "एवढाच असेल तर काढून टाकू. यकृतातही गेला असेल, तर ऑपरेशनचं अवघड आहे. मग औषधांवरच भिस्त." म्हणजे सगळं त्या दुसऱ्या डागावर येऊन ठेपलं. तो नवा, की आधीपासूनचाच?

ताडून पाहायला ऑपरेशनआधीचा पहिला स्कॅन हवा होता, आणि तो अकोल्यात काढलेला. ते सेंटर बंद पडलं होतं. फिल्म तेवढ्या घरी होत्या. होत्या म्हणजे काय, माझ्या मुलीनं, खुशीनं, दिवाळीत त्यांचे रांगोळीचे छाप कापले होते! आणि मीच म्हटलं होतं, काप गं, आता काय कामाच्या? दोष कुणाला देणार?

नत्थुजींना सांगताना मला लाज वाटली. ते म्हणाले, "कापल्या त कापल्या. छापई आना, कतरनई आना. फेकलं त नाई ना काई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरमुऱ्यांच्या पिशवीत सगळे तुकडे आणले. या माणसानं जेवणाच्या सुट्टीत ते ओल्या कापसानं पुसले, चिकटपट्टीनं जोडले आणि प्रकाशाच्या पेटीवर लावले. अर्धं यकृत कमळाच्या छापात, अर्धं कतरणीत. मी विचारलं, "दिसून राहिलं का काही?"

"माहं काम फोटो काढाचं, बाई. सांगाचं काम मॅडमचं." चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटू दिलं नाही. मला तेव्हा रागच आला होता.

मॅडमनी पाहिलं. डाग तिथंच होता आणि तेवढाच होता. चार वर्षांत वाढला नव्हता. खात्रीसाठी एमआरआय केला, तर ती रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ निघाली. मग फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं. त्याला तीन वर्षं झाली.

आजार संपला, असं मी म्हणणार नाही. दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो. पुढचा ऑगस्टमध्ये आहे. खरं सांगते, मला त्या दिवसाची अजून भीती वाटते, आणि यंदा यंत्राजवळ नत्थुजी नसतील. हे बोलायचं ठरवलं नव्हतं, पण विचारते. नत्थुजी, बडनेऱ्याच्या घरून याल का? बाहेरच्या बाकावर नुसते बसा.

मागच्यांना ऐकू आलं नसेल. ते म्हणताहेत, "येतो ना, बाई. सकाळी सातलेच येतो, नंबर लावून ठेवतो तुमचा."

आता मला पुढे बोलवत नाही. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही उणं-अधिक बोलले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला.