दरवर्षी वाहून जाणारा साकव

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. जी गोष्ट दरवेळी फसते, ती माणसानं पुन्हा का करावी? मघाशी आरतीला पुढच्या रांगेतले दोघं बोलत होते — "या वेळी मत नाही. सगळे सारखेच." मी ऐकलं बरं का. माझे कान या पेटीपेक्षा सुरात आहेत. पेटीवाले, रागावू नका.

तर ऐका.

डोंगराच्या पोटाशी एक वाडी. बावीस घरं. वाडी आणि गाव यांच्यामध्ये ओढा. शाळा, दवाखाना, एस.टी. — सगळं पलीकडे. पाऊस सरला की वाडी ओढ्यावर साकव बांधते, म्हणजे ओंडक्यांचा पायपूल. घरटी एक माणूस, घरटी एक ओंडका. आणि आषाढातला पहिला मोठा पूर तो साकव घेऊन जातो. दरवर्षी!

साकवाचा मुकादम तानू भुवड. त्याची गाठ अशी, की सोडवायला पूरच लागावा.

त्या वर्षी ग्रामपंचायतीचं मतदान आलं. जनार्दनराव पंधरा वर्षं सदस्य. त्यांनी पक्का साकव दर निवडणुकीत बांधला होता — भाषणात. समोर उभी होती शेवंती, अंगणवाडीची निवृत्त मदतनीस. इकडे तानूची सून नंदा गरोदर, बाळंतपण ऐन आषाढात. भरल्या ओढ्यातून तिला न्यायची कशी, या काळजीनं तानूला घास गिळवत नव्हता. आणि या माणसानं मतदानाच्या दिवशी काय करावं? वाडी गोळा केली. "आज साकव बांधायचा. मतापेक्षा साकव बरा. निदान दिसतो तरी."

आता काय म्हणावं! मतदानकेंद्र पलीकडच्या शाळेत. पलीकडे जायला साकव बांधतायत, आणि पलीकडे जायचं नाही म्हणतायत.

चार वाजता तानूची बायको सुलोचना चहा घेऊन आली. किटली दगडावर ठेवून तिनं विचारलं, "गेल्या सालचा साकव कुठंय हो?"

"वाहून गेला. तुला माहीत नाय?"

"त्याच्या आदल्या सालचा?"

"तोपण गेला. काय चाललंय तुझं?"

"मग हा कशाला बांधताय?"

"मग काय बसून राहू?"

"दगडू गेल्या साली ओंडका घेऊन आला नाही, तेव्हा त्याच्या दारात काय ओरडलात? सगळ्या वाडीनं ऐकलंय."

तानूला शब्दन् शब्द आठवत होता. 'साकव गेला म्हणून घरात बसतोस? अरे, गेला म्हणूनच यायचं असतं!' दगडू शेजारीच उभा होता. तो चहात बघून हसला.

"शेवंती तरी काय दिवे लावणार?" तानू पुटपुटला.

"नसेल लावणार. ओंडका आतून कसा निघेल ते तरी कुठं कळतं? तुम्ही ठोकून बघता, त्यातला बरा उचलता. जनार्दनरावांना पंधरा वर्षं ठोकून झालंय."

पाचला दहा मिनिटं कमी. ओढ्यावर दोनच ओंडके आडवे, वर फळी नाही. साडेपाचला केंद्र बंद. चाळीस वर्षांत तानूनं अर्धवट साकवावर कुणाला पाय ठेवू दिला नव्हता. त्यानं दोर घेतला, दोन्ही काठांच्या झाडांना ताणून बांधला. "बायका आधी. दोर सोडायचा नाय."

साडेपाचला शाळेचं फाटक लागलं, तेव्हा वाडीतली एकतीस माणसं आत रांगेत होती. शेवंती बारा मतांनी निवडून आली. वजाबाकी तुम्ही करा.

मग पक्का साकव झाला का? नाही झाला! आषाढात पूर आला, लाकडी साकव नेहमीसारखा गेला. पण शेवंतीनं नंदाला ज्येष्ठातच पलीकडे आपल्या घरी आणून ठेवलं होतं. मुलगी दवाखान्यात जन्मली. आणि ओढ्यात पक्क्या साकवाचे खांब उभे राहिले. किती? दोन.

तुम्ही म्हणाल, बाई, दोनच? हो, दोनच. पंधरा वर्षं शून्य होते. शून्याला कितीनंही गुणा, काही हाती लागत नाही. दोनात भर घालता येते.

तानू अजून कुरकुरतो. त्या खांबांशेजारी पुन्हा लाकडी साकव बांधतो. आणि ग्रामसभेला आता वाडीतली सगळी घरं जातात, घरटी एक माणूस. दाराशी उभा राहून तोच मोजतो.

तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनो, परवा रविवारी मतदान आहे. आपल्या गावच्या शाळेपर्यंत ओढा नाही, दोर नाही, डांबरी रस्ता आहे. देवापुढे हात जोडायला रोज येता, त्यानं तरी किती गाऱ्हाणी एकदाच ऐकून मिटवली? तरी येताच ना?

म्हणा आता नाम. आणि रविवारी उठा लवकर.