पुसण्याआधीचा प्रश्न

मार्लीन: थांबा, बंद करू नका. नक्कल काढायचं साधन इमेजच्या आत टाकलंय, दिसतंय, पण चालतच नाही.

ओरेस्ट: सरक बघू. हं. बत्तीस-बिटचं उचललंस पोरी, आणि आपली बूट इमेज चौसष्टची. ही काही पूर्ण विंडोज नव्हे. मशीन जागं करायचं, डिस्क पुसायची, नवीन विंडोज चढवायची, एवढंच तिला येतं. जुनं काही पचत नाही तिला.

मार्लीन: चौसष्टचंही उतरवून ठेवलंय. हे बघा, टाकलं.

ओरेस्ट: आठ वर्षं या इमेजवर सगळ्या शाळांची मशिनं चढवली मी. पेन ड्राइव्ह लावा, पुसा, चढवा, पुढचं घ्या. आता तुला प्रत्येक डिस्कची आधी नक्कल हवी. वीस मिनिटं जादा! तीनशे चाळीस लॅपटॉप आहेत आणि शाळा उघडायला अडीच आठवडे.

मार्लीन: एका वेळी सोळा लावीन.

ओरेस्ट: आणि सोळा वेळा 'वाय', म्हणजे 'हो', कोण दाबणार? तीन वर्षं झाली, 'पुसायचं का' असं पडद्यावर आलं की मला हाक मारतेस. सोमवारी मी निवृत्त, तळ्यावर गळ टाकून बसलेला असेन. तिथून येऊ धावत?

मार्लीन: म्हणून तर नक्कल हवी. मागे काहीतरी शिल्लक आहे म्हटलं तर हात धजेल माझा. नाहीतर तुमच्या जागेवर मी टिकणार नाही, ओरेस्ट. थट्टा नाही करत. ड्यूक सरांचं मशीन अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ओरेस्ट: सोड ना ते.

मार्लीन: कसं सोडू? तीस वर्षांचं बँडचं संगीत होतं त्यात. एखाद्या वर्षी अकरा क्लॅरिनेटवाले आले आणि ट्रॉम्बोन एकालाही येत नाही, तर त्या पोरांपुरतं नव्यानं बसवलेलं. रांगेत चुकून ते मशीन आलं, ठीक. पण 'ड्यूक, पुसायचं का?' असं नावासकट विचारतं ना ते! मी नाव न वाचता दाबलं. आणि दाबल्याचं मला आठवतसुद्धा नाही, हे त्याहून वाईट.

ओरेस्ट: कॉफी आणतो. वर केक पण आलाय. चल.

मार्लीन: केक तीनला आहे. तोवर इमेजची सुरुवातीची फाइल उघडते. नक्कल काढायची ओळ पुसण्याच्या वर यायला हवी ना?

ओरेस्ट: ते मी करतो. उठ.

मार्लीन: बसा हो. शेवटच्या दिवशी तरी शिकू द्या. बाई गं, केवढ्या या नोंदी! प्रत्येक बदलाला तारीख आणि सही. घरी रुबार्बच्या मुरंब्याच्या बरण्यांवर पण लिहीत असाल.

ओरेस्ट: लिहितो. मार्लीन, तू एकदम खाली जा. वरचं जुनं आहे सगळं.

मार्लीन: वाचू तर द्या. हे तीन वर्षांपूर्वीचं... "चौदा ऑगस्ट. वेळ वाचावा म्हणून प्रश्न काढला. थेट पुसणे. ओरेस्ट."

ओरेस्ट: सही माझीच आहे.

मार्लीन: मी सरांचं मशीन सतराला लावलं होतं.

ओरेस्ट: हो.

मार्लीन: खाली आणखी एक आहे. "अठरा ऑगस्ट. प्रश्न परत घातला." म्हणजे त्या दिवशी मला काही विचारलंच नव्हतं याने. 'वाय' आलाच नव्हता.

ओरेस्ट: नव्हता.

मार्लीन: तुम्हाला माहीत होतं.

ओरेस्ट: तुला सांगायचं राहून गेलं होतं, प्रश्न काढलाय म्हणून. साहेबांनी खोलीत बोलावलं तेव्हा मी सांगणारच होतो. पण तू आधीच बोललीस, 'माझ्याच हातून झालं असेल.' तुला येऊन पाच आठवडे झाले होते. मी तोंड मिटलं, ते मिटलंच.

मार्लीन: निदान या ओळी तरी खोडायच्या होत्या.

ओरेस्ट: नोंद खोडत नाही मी कधी.

मार्लीन: वा! नोंद खोडायची नाही, आणि माझ्या नावावर खुशाल राहू द्यायचं! मला फार राग आलाय, ओरेस्ट. केक कापताना मी नसेन.

ओरेस्ट: नको येऊस. आजची तारीख टाकून लिहितो इथे, चूक कोणाची ते.

मार्लीन: आणि वाचणार कोण? मीच. ड्यूक सर काही बूट इमेज उघडून बसत नाहीत.

एब ड्यूक: ओरेस्ट! अरे, आहेस का? सगळ्यांत शेवटचा मीच ना? हा घे लॅपटॉप. तुझ्या हातात देतोय. बाकी कोणी हात लावायचा नाही.

ओरेस्ट: दार लावून घे, एब. बस जरा.

एब ड्यूक: बसायला वेळ नाही. संगीत सगळं कागदावर आहे म्हणा आता, पण या पेटाऱ्यात पोरांची नावं आहेत.

ओरेस्ट: तुझं मशीन हिने नाही पुसलं. मी पुसलं. पुसण्याआधीचा प्रश्न मी काढून टाकला होता, हिला न सांगता. पुसल्याच्या दुसऱ्या दिवशी गुपचूप परत घातला. हिला आत्ता कळलं, वाचून.

एब ड्यूक: दर गुरुवारी माझ्या घरी पत्ते खेळायला यायचास.

ओरेस्ट: हो.

एब ड्यूक: मी कागदावर पुन्हा लिहायला बसलो, तर शेजारी बसून पट्टीनं रेघा आखून दिल्यास. अख्खा हिवाळा. मला वाटायचं, काय मित्र आहे!

ओरेस्ट: त्याने काही फिटलं नाही, मला माहीत आहे.

एब ड्यूक: नाहीच फिटलं. आणि मी? बँडमास्तरची पाठ असतेच लोकांकडे. पण ख्रिसमसच्या कार्यक्रमात आभार मानायला वळलो, तेव्हाही हिच्याकडे पाहिलं नाही मी. ही समोरच बसलेली असायची.

मार्लीन: तिसऱ्या रांगेत, सर. समोर बसायचा धीर नव्हता.

एब ड्यूक: हा लॅपटॉप तू घे. काय करणार आहेस त्याचं?

मार्लीन: आधी नक्कल काढणार. ती ओळ घालून इमेज आत्ताच तयार झालीय, तुमचं पहिलंच मशीन. वीस मिनिटं लागतील.

ओरेस्ट: इमेज बंद करताना बदल ठेवायला सांगितलंस ना? नाहीतर आत टाकलेलं सगळं वाया जातं.

मार्लीन: सांगितलं. तुम्ही गप्प बसा.

(वीस मिनिटांनी.)

मार्लीन: झाली. नक्कल उघडूनही पाहिली, पोरांची नावं आहेत सगळी. आता विचारतंय.

ओरेस्ट: मी दाबू?

एब ड्यूक: तू राहू दे. काय विचारतंय, बाळ? वाच.

मार्लीन: 'ड्यूक, पुसायचं का?'

एब ड्यूक: मग तूच दाब, मार्लीन.