सहाशे डॉलरचं जुनं पिस्तूल

मोंटानातल्या आमच्या गावच्या गॅरेजात, गाडीची वाट बघत मी बाकावर बसलो होतो. शेजारी हार्लन आणि ऑर्विल हे दोन म्हातारे.

“ब्रेकचे चारशे डॉलर सांगतोय, हार्लन! अख्खी गाडी तेवढ्याची नाही.”

“तरी दर वर्षी ओततोसच की तिच्यात.”

“तू मोठा शहाणा! माझं जुनं पिस्तूल सहाशेला घेतलंस. तीनशेलाही कुणी हात लावला नसता.”

“आवडलं होतं मला.”

“दोन वर्षांत एक तरी गोळी झाडलीस त्यातून?”

“नाही.”

“मग घेतलंस कशाला?”

“तुझी बायको अर्लीन वारून चार दिवस झाले होते, ऑर्विल. तू जेवत नव्हतास, बोलत नव्हतास. ते तुझ्या उशाशी ठेवून मला घरी जाववेना.”

“मला तेव्हाच कळलं होतं रे.”

“मग मुकाट्याने दिलंस कसं?”

“माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. तू मागितलंस आणि मी सुटलो. तुझे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.”

“पुरे आता. परत हवंय का?”

“नको, तुझ्याकडेच असू दे. शनिवारी नातीचं लग्न आहे. चर्चमध्ये तिचा हात धरून तिला नवरदेवापर्यंत मीच नेणार आहे. तू पुढच्या बाकावर बस, मला दिसशील असा.”